भुशाचा एक खण

याल्मर रांता सकाळपासून तोंड फुगवून बसला होता. अर्धी कॉफी तशीच गार होऊ दिली, दालचिनीच्या कडक टोस्टांना बोटसुद्धा लावलं नाही, आणि चाकाची खुर्ची मुद्दाम खिडकीकडे वळवून घेतली. पुढच्या खोलीत काय चाललंय ते आपल्याला बघायचंही नाही, हे त्याला दाखवायचं होतं. दाखवायचं कोणाला, तर लेकीला, सायमाला. घरात दुसरं होतं कोण?

"मी सांगितलं होतं," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "ती लाकडी जमीन उखडायची नाही."

"बाबा, तुमचं चाक रोज अडकतं तिथं. परवा पडता पडता वाचलात."

"मग मी माझ्या खोलीतून बाहेरच येणार नाही."

"वा. आणि संडासला कुठं जाल, खिडकीतून?"

नव्वदीच्या म्हाताऱ्यानं नाक ओढलं आणि बाहेर बघत राहिला. बाहेर ऑक्टोबर होता, तळ्यावरून येणारा वारा होता, आणि अजून बर्फ पडलं नव्हतं. उत्तरेकडच्या टॅमरॅक गावात ऑक्टोबर म्हणजे शेवटची संधी. जे उघडायचं, ठोकायचं, बुजवायचं ते आत्ता. एकदा बर्फ खिडकीच्या उंबऱ्याला लागलं की एप्रिलपर्यंत माणसानं आहे त्यात निमूट राहायचं.

पुढच्या खोलीत सुतार डेनी बोशां गुडघे टेकून पहार चालवत होता. मेपल लाकडाच्या अरुंद पट्ट्या करकरत सुटत होत्या. ही जमीन आजवर इतक्यांदा घासून झाली होती की लाकूड पापडासारखं पातळ झालं होतं. खिळ्यांची डोकी वर आली होती, सायमाचे मोजे फाटत होते, म्हाताऱ्याच्या खुर्चीची चाकं फटींत रुतत होती. डेनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आता घासायला काही उरलेलं नाही, सगळं काढून नवीन ओकच्या पट्ट्या घाला. सायमानं होकार दिला आणि तेव्हापासून बाप-लेकीत धुसफूस सुरू झाली. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा मान दुखावला. वाटणारच. जमीन त्याच्या हातची होती.

जमीनच काय, घरच त्याच्या हातचं. एकावन्न साली एका उन्हाळ्यात याल्मरनं शेजारी शेजारी दोन घरं उभी केली. एक मुलासाठी, वर्नरसाठी. दुसरं सायमासाठी, तिचं युजीन हार्यूशी लग्न ठरलं होतं म्हणून. तांब्याच्या खाणीतला सुतार तो, दिवसा खाणीचं काम, संध्याकाळी घरांचं. पण लेकीला घर बांधून देणारा बाप तेव्हा टॅमरॅकमध्ये दुसरा नव्हता. लोक नावाजायचे, आणि चर्चच्या तळघरात कॉफी पिताना याल्मर प्रत्येकाला ऐकवायचा, "दोन लेकरं, दोन घरं. एका खिळ्याचाही फरक केला नाही मी."

हे वाक्य सायमानं आयुष्यभर उराशी धरलं. आई गेल्यावर बापाचं धुणं-भांडं तिनं केलं, ते या वाक्यासाठी. खाण बंद पडल्यावर वर्नर घर विकून मिलवॉकीला निघून गेला, वर्षातून एक कार्ड पाठवायला लागला, तरी तिनं बापाला कधी कोणाला बोल लावू दिला नाही. युजीन वारल्यावर त्यांची मुलगी म्हणाली, आई, माझ्याकडे ॲरिझोनाला ये, इथं ऊन आहे. सायमा गेली नाही. बाप पडला, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तिनं त्याला स्वतःच्या घरी आणलं, मागची खोली दिली. आणि आता गेले सहा महिने वर्नर दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणत होता, "त्यांना काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमात ठेवू. तू चौसष्टची झालीस. कंबर मोडून घेशील."

"मी जिवंत आहे तोवर नाही," सायमा सांगायची. "त्यांनी आपल्या दोघांत फरक केला नाही. मी पण त्यांना परकं करणार नाही."

मिलवॉकीहून नुसता खोकला यायचा.

आता या घराचं एक दुखणं होतं, ते सांगायला हवं. घर थंड होतं. भिंती नव्हेत, छप्पर नव्हे, जमीन. थंडीत पुढच्या खोलीत पाय टेकवला की गार कळ गुडघ्यापर्यंत जायची. सायमा घरात नमद्याचे जाड लोकरी बूट घालून वावरायची, बाकीचे लोक बाहेर अंगणात घालतात तसले. तिच्या पोरीचे कान दर हिवाळ्यात फुटायचे. आणि याल्मर, तेव्हा तो आपल्या जुन्या घरी राहायचा, रविवारी जेवायला आला की हसायचा. "वर्नरकडे पोरं अनवाणी फिरतात. तुझं रक्तच पातळ, सायमा. आईच्या वळणावर गेलीस." सगळे हसायचे. सायमाही हसायची. बाप म्हणतो म्हणजे असेल पातळ. ती बिटाचं सूप प्यायची, लोखंडाच्या गोळ्या घ्यायची.

युजीनला मात्र हे पटत नव्हतं. एकदा जानेवारीत, स्वयंपाकघरात चुलीशेजारी अंथरूण टाकता टाकता तो म्हणाला, "पुढच्या खोलीतली एखादी पट्टी काढून बघतो. खाली काहीतरी गडबड आहे." त्यानं सरळ जाऊन याल्मरला विचारलंही. याल्मर असा भडकला की बोलायची सोय नाही. मेपलची पट्टी एकदा काढली की तिची खाचेत बसणारी जीभ तुटते, पुन्हा बसत नाही, आणि माझ्या कामावर शंका घेणारा तू कोण, खाणीतला ढकलगाडीवाला. सायमानं बापाची बाजू घेतली. नवऱ्याला म्हणाली, "माझ्या बापानं घर दिलं, तुझ्या बापानं काय दिलं?" पट्टीचा विषय युजीननं पुन्हा काढला नाही, मरेपर्यंत.

दुपारच्या सुमारास डेनीनं हाक मारली. "मिसेस हार्यू, जरा येता का? काही मोडलेलं नाही, घाबरू नका."

डेनी बोलघेवडा माणूस. हात चालो न चालो, तोंड चालू. फ्रेंच कॅनेडियन बापाचा, त्यामुळे रांतांसारख्या फिनलंडहून आलेल्या फिन लोकांची टिंगल करणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं तो समजायचा. सायमा दारात आली तेव्हा अर्धी खोली सोलून झाली होती. मेपल भिंतीशी रचलेलं, त्याखालचा लाल कागद गुंडाळलेला, आणि कागदाखालच्या जुन्या फळ्या उघड्या पडलेल्या.

"ह्या बघा," डेनी म्हणाला. "एकीकडे सिमेंट चिकटलंय, दिसतंय? कुठल्यातरी पायाच्या साच्याच्या फळ्या आहेत. तसं पूर्वी करायचेच. साचा सुटला की फळ्या खरवडायच्या आणि जमिनीखाली घालायच्या, लाकूड वाया कशाला घालवा. त्यात काही वावगं नाही. पण सरळ टाकल्यात. तिरप्या टाकायला हव्या होत्या, मग घर चहूबाजूंनी आवळून धरतं. तेही जाऊ द्या. ही एक कुजलेली होती म्हणून काढली. खाली बघा."

सायमा वाकली. थंड वारा तोंडावर आला. खाली काळोख होता, मातीचा वास होता, आणि लांब कुठेतरी दगडी पायाच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत आली होती.

"काय आहे खाली?"

"तेच तर. काही नाही."

"म्हणजे?"

डेनी टाचांवर बसला. "तुमच्या लोकांची पद्धत मला माहीत आहे ना. शेजारचं घर, तुमच्या भावाचं, मागे मीच केलं, आता तिथं राहणाऱ्या शिक्षक नवराबायकोसाठी. काय काम होतं महाराजा. तुळयांच्या अंगाला खालून पट्टी ठोकलेली, त्या पट्ट्यांवर आखूड फळ्या, म्हणजे जमिनीखाली दुसरी जमीन. मधल्या जागेत काठोकाठ भुसा, चुना कालवलेला, उंदीर नको म्हणून. वर डांबरी कागद, मग तिरप्या फळ्या, मग मेपल. भिंतींतसुद्धा भुसा. वरच्या मजल्याच्या भिंतीतसुद्धा. एक फळी काढली आणि नाकातोंडात गेला, दोन दिवस मी भुसा शिंकत होतो. त्या मास्तरणीला म्हटलं, बाई, हे घर नाही, उशी आहे."

त्यानं टॉर्च खाली धरला. "आता इथं बघा. पट्ट्या ठोकलेल्या आहेत. सगळ्या तुळयांना, एकूण एक. म्हणजे करायचं ठरलेलं होतं. मग फळ्या घातल्याच नाहीत, भुसाही नाही. वरून साच्याच्या फळ्या मारल्या आणि झाकून टाकलं. राहून गेलं असेल. घाईत होतं असं."

"नाही," सायमा म्हणाली. "असं कसं होईल? भुसा भरलाय. मी डोळ्यांनी पाहिलाय. स्वयंपाकघराच्या दाराशी बघ."

तिनं पाहिलाच होता. पाहिला म्हणजे काय, भुसा आणलाच तिनं. एकावन्नच्या वसंतात आई आणि ती उसना ट्रक घेऊन लाकडाच्या गिरणीत जायच्या, फावड्यानं भुसा भरायच्या, घरी आणून गोठ्याच्या माळ्यावर पसरायच्या, उलथून पालथून वाळवायच्या. आई तोंडाला फडकं बांधून चुना चाळायची. सायमाच्या हातांना त्या चुन्यानं चिरा पडल्या होत्या, लग्नाच्या फोटोत तिनं हात फुलांमागे लपवलेत. दोन घरांचा भुसा, दोन ढीग. उजवीकडचा वर्नरचा, डावीकडचा तिचा.

मग जमीन घालायचा दिवस. फिन लोकांत मोठं काम असलं की तल्को घालतात. शेजारपाजारचे सगळे पुरुष येतात, दिवसभर राबतात, मजुरी म्हणून पोटभर जेवतात आणि संध्याकाळी सौनाच्या वाफेत अंग शेकतात. सायमानं त्या दिवशी बारा-पंधरा जणांसाठी माशाचं आणि बटाट्याचं कालवण रांधलं होतं. मधेच बापानं हाक मारली होती, "ये, बघ तुझा भुसा." दाराशी दोन तुळयांमधला खण काठोकाठ भरलेला होता, वरून हातानं सारखा केलेला. तिनं वाकून हात फिरवला होता. मऊ, कोरडा, पिवळा. तल्कोतली माणसं हातोड्या थांबवून उभी होती, खाली बघत होती. होऊ घातलेल्या नवरीसमोर लाजली असतील असं तिला वाटलं. मग ती कालवण ढवळायला परत गेली.

डेनीनं दाराशी एक फळी उचकटली. खाली पिवळा भुसा, काठोकाठ. इतक्या वर्षांत जरासा दबला होता, बाकी जसाच्या तसा.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" सायमा म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

डेनीनं शेजारची फळी उचकटली. मग त्याच्या पुढची. मग खोलीच्या मधोमध एक, पलीकडच्या भिंतीशी एक. त्याचं तोंड हळूहळू बंद झालं. शेवटी त्यानं पहार खाली ठेवली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"एकच खण आहे, मिसेस हार्यू."

सायमा तिथेच दारात उभी राहिली. तिला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर पहिल्यांदा आठवला तो बाप नाही, युजीन. चुलीशेजारी अंथरूण घालणारा युजीन. तुझ्या बापानं काय दिलं, असं तिनं त्याला विचारलं होतं. आता त्याची माफी मागायला जायचं कुठं?

"तू जेवून घे," ती डेनीला म्हणाली. "ट्रकमध्ये बसून जेव. दार लावून घे जाताना."

ती स्वयंपाकघरात आली. म्हातारा अजून खिडकीकडे तोंड करून होता, पण त्याची मान ताठ झाली होती. भिंत काही जाड नव्हती. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. सायमानं त्याची खुर्ची धरून टेबलाकडे फिरवली आणि समोर बसली.

"बाबा, भुसा कुठं गेला?"

कुठला भुसा, असं याल्मरनं विचारलं नाही. त्यानं गार कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला.

"वर्नरच्या भिंतीत."

"माझ्या जमिनीचा?"

"त्याचं घर दुमजली होतं. मला अंदाज आला नाही. वरच्या भिंतींना भुसा पुरेना. आणि त्याच्या बायकोला दिवस गेलेले. डॉक्टरची मुलगी, शहरातली. थंडी वाजली असती तर माहेरी निघून गेली असती."

"आणि मी?"

"तू कुठं जाणार होतीस?"

हे त्यानं कुत्सितपणे म्हटलं नाही. अगदी साधेपणानं, हवामान सांगावं तसं म्हटलं. सायमाला तेच सोसवेना.

"मग तो एक खण मला का दाखवलात?"

"तू सारखी विचारत होतीस. भरला का, भरला का. माणसं जमलेली, त्यांच्यादेखत काय सांगणार? एक खण भरून दाखवला. तू खूश झालीस. कालवणही छान केलं होतंस." तो थांबला. "पुढच्या उन्हाळ्यात भरणार होतो. खालून शिरून भरता आलं असतं."

"कुठल्या पुढच्या उन्हाळ्यात?"

"तू कधी काही बोलली नाहीस."

"मला माहीत कुठं होतं, बाबा? तुम्हीच सांगत होता, माझं रक्त पातळ आहे. चारचौघांत सांगत होता. मी गोळ्या खाल्ल्या लोखंडाच्या."

"काहीतरी सांगायला नको का?" म्हातारा जरा चिडला. "वर्नरकडे पोरं अनवाणी फिरतात, तुझ्याकडे नाही, लोक विचारायचे."

"आणि युजीन? तो उघडून बघतो म्हणाला होता. घरच्या माणसासारखा तुमच्याकडे आला होता विचारायला. त्याला ढकलगाडीवाला म्हणालात."

याल्मरनं तिच्याकडे असं पाहिलं, जशी ती काही मंदबुद्धी पोर आहे आणि तिला सगळं फोड करून सांगावं लागतंय. "उघडलं असतं," तो म्हणाला, "तर दिसलं असतं ना."

सायमानं टेबलावरचे टोस्टाचे कण तळहातानं गोळा केले. म्हाताऱ्याला वाटलं, झालं, प्रकरण मिटलं. तो सैलावून बसला. "जाऊ दे. आता डेनी घालेल ना ऊबेसाठी तो गुलाबी कापूस. हल्ली भुसा कोण घालतं? कॉफी गार झाली, सायमा. जरा ऊन कर."

तिनं कॉफी ऊन करून दिली. सवयच होती. मग ती उठून भिंतीवरच्या फोनकडे गेली आणि रविवार नसताना वर्नरला फोन लावला.

"बाबा बरे आहेत ना?" वर्नरनं आधी तेच विचारलं.

"बरे आहेत. वर्नर, माझ्या जमिनीत भुसा नाही."

पलीकडून आधी खोकला आला.

"तुला माहीत होतं," सायमा म्हणाली.

"सायमा, मी तेवीस वर्षांचा होतो. बाबांनी सांगितलं, भुशाच्या टोपल्या इकडे आणा, आम्ही आणल्या. तल्कोला होते त्या सगळ्यांनाच माहीत होतं. मला वाटलं, पुढे कधीतरी तुलाही कळलं असेल आणि तू मोठ्या मनानं सोडून दिलं असशील. तू बोलायचीसच तशी, फरक केला नाही, फरक केला नाही. मला कळायचं नाही तू मनापासून बोलतेस की मला टोचतेस."

"आईला?"

"आईनं तर कित्येक दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. तुला नाही आठवत? लग्नाच्या आधी?"

सायमाला आठवत होतं. आईनं सांगितलं होतं, दाढ दुखते, बोलवत नाही.

म्हणजे अख्ख्या टॅमरॅकला माहीत होतं. तिचं कालवण जेवून, ओठ पुसून, ती सगळी माणसं मूग गिळून बसली होती. त्यातले कितीतरी नंतर तिच्या पुढच्या खोलीत बसून कॉफी प्यायले, बूट न काढता. बूट का काढत नाहीत याचं तिला नवल वाटायचं. आपल्यात कोणी घरात बूट घालून बसत नाही.

"सायमा? आहेस ना?"

"त्या वृद्धाश्रमाचा नंबर दे," ती म्हणाली. ती मोठ्यानं म्हणाली, मुद्दाम. म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून.

वर्नरनं नंबर दिला. तिनं तो कॅलेंडरच्या कडेला लिहिला आणि फोन ठेवला. मागे कपाचा बशीवर आवाज झाला.

"कोणाचा नंबर?" याल्मरनं विचारलं.

सायमा सरळ पुढच्या खोलीत गेली आणि डेनीला हाक मारून सांगितलं, सगळ्या खोल्यांची जमीन उघड, सगळीकडे कापूस घाल, आधी मागच्या खोलीत, बाबांच्या. बर्फ पडायच्या आत व्हायला हवं. डेनीनं विचारलं, तो एक खण जुन्याच भुशाचा ठेवू का, चांगला आहे अजून. ती म्हणाली, तोही उपस. त्यानं पोत्यात भरून नेला. त्याच्याकडे कोंबड्या होत्या.

त्या संध्याकाळी तिनं बापाला नेहमीसारखं अंथरुणावर घेतलं, पांघरूण सारखं केलं. त्यानं तिचं मनगट धरलं. हाडांचा हात, पण पकड सुताराची.

"मला तिकडे टाकणार आहेस?"

आता खरं सांगायचं तर सायमाच्या मनात तसं काही नव्हतं. नंबर लिहून घेतला तेव्हाही नव्हतं. त्याला टाकून ती जाणार कुठं, तोच म्हणाला होता तसं. गाव सगळा ओळखीचा, चर्च ओळखीचं, बाप टाकला असं एकदा लोकांनी म्हटलं की संपलं. तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. नाही टाकणार, बाबा, झोपा, एवढं म्हणायचं होतं. जिभेवर होतं. तिनं त्याची बोटं एक एक करून मनगटावरून सोडवली, दिवा मालवला आणि दार अर्धं लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्हणू, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं टोस्ट सगळे खाल्ले आणि म्हणाला, "कॉफी छान झालीय, सायमा." कॉफीचं कौतुक, जन्मात पहिल्यांदा. ती चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे चांगलं बोलता येतं याला. याला हवं तेव्हा येतं. मग तिनं त्या दिवशीही सांगितलं नाही.

नोव्हेंबरात जमीन पुरी झाली. ओक चकचकीत, म्हाताऱ्याची खुर्ची लोण्यावरून जावी तशी जाऊ लागली. बर्फ पडलं, खिडक्यांना लागलं. सायमा भर हिवाळ्यात घरात पहिल्यांदाच नुसत्या मोज्यांनी हिंडू लागली आणि तिचे पाय, चौसष्ट वर्षांचे, ऊन राहिले. तिला त्याचा आनंद होत नव्हता. एकेक ऊबदार दिवस म्हणजे मागच्या एकेका गारठलेल्या दिवसाचा हिशेब तिच्यासमोर येऊन बसायचा. पोरीचे कान, युजीनची चुलीशेजारची पाठ.

आणि म्हातारा सुतासारखा सरळ झाला. जेवण नावाजायचा, गादी ओली झाली तर स्वतःहून माफी मागायचा, संध्याकाळी तिला आधी विचारायचा, तू दमलीस का. फोन वाजला की हातातला कप खाली ठेवायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. सायमा बोलायची, फोन ठेवायची आणि कोणाचा होता ते सांगायची नाही. बहुतेकदा चर्चमधलं कोणीतरी असायचं, किंवा मुलगी. कधी कधी तो चोरून कॅलेंडरकडे बघायचा. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं तेव्हा तिनं तो नंबर त्यावरही उतरवून काढला.

त्याला काय होतंय हे तिला दिसत होतं. तिला त्याची दया येत नव्हती असं नाही, पण त्या दयेपेक्षा दुसरं काहीतरी जास्त येत होतं, आणि त्याची चव तिला आवडत होती. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य रोज तिच्यापाशी होतं, आणि रोज तिनं ते दिलं नाही.

मार्चमध्ये याल्मरला न्यूमोनिया झाला. शेवटचे दोन दिवस त्याला शुद्ध येत-जात होती. एकदा डोळे उघडून तो म्हणाला, "गाडी आली का?"

"कसली गाडी, बाबा?"

"न्यायला."

ती बोलणार होती, तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात त्याचे डोळे मिटले आणि नंतर तो माणसं ओळखेनासा झाला. नंतर तिनं पुष्कळ सांगितलं. कानाशी वाकून सांगितलं, तुम्ही इथंच आहात, कुठं नेणार नाही, कधीच नेणार नव्हते. ते कोणी ऐकलं नाही.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी होती. वर्नर मिलवॉकीहून आला होता, डोळे लाल करून एका कोपऱ्यात उभा होता. पाद्रीसाहेबांच्या बायकोनं सायमाचे दोन्ही हात हातात घेतले. "नशीबवान म्हातारा," ती म्हणाली. "हल्ली कोणाला मिळतं असं? शेवटपर्यंत लेकीच्या घरी, ऊबेत, जिवाला कसली काळजी नाही."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. त्यांतले दोघे तिघे तल्कोला होते, आता काठ्या टेकत आले होते. सायमानं किटली उचलली आणि पाद्रीणबाईंच्या कपात कॉफी ओतली.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडेच होते."